चार कुलपं आमच्याच गल्लीत, मग घरांच्या नव्या स्कीम कोणासाठी?

प्रतापनगरकर
गल्लीत अकरा घरं, त्यातल्या चार घरांचे वरचे मजले बंद. पोरं पुण्याला, बंगलोरला. शेजारच्या काकूंच्या मजल्याची किल्ली माझ्याकडे असते. परवा नळ पाहायला गेलो तर गादीवर पेपर अंथरलेले आणि कूलरमधल्या वाळ्याचा हात लावताच भुगा झाला. दोन खोल्या, किचन, गच्ची, सगळं नुसतं पडून आहे.

आपलं नागपूर १९९१ ला सव्वासोळा लाखांचं होतं, २००१ ला साडेवीस, २०११ ला २४ लाख. आधीच्या दशकात सव्वाचार लाख वाढले, नंतरच्या दशकात साडेतीन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७, म्हणजे एका बाईमागे दोन पोरंही नाहीत. तरी हुडकेश्वरकडे, वर्धा रोडकडे शेतं कापून लेआउट पडतच राहिले. आधी हे बंद मजले भाड्यानं द्या ना!

बेसावाली
दादा, २०११ ला बेसा ग्रामपंचायत होती. तुमच्या २४ लाखांत आम्ही नाहीच. वाढ थांबली नाही, हद्दीबाहेर सरकली.

आणि घरं डोकी मोजून लागत नाहीत, चुली मोजून लागतात. माझ्या सासरी, जुन्या महाल भागातल्या वाड्यात, चौदा माणसं आणि एक चूल होती. आज त्याच घराच्या पाच चुली आहेत. माणसं वाढली फक्त दोन.

प्रतापनगरकर
चुलींचं पटलं. पण बांधलेल्या प्रत्येक घरात चूल पेटते का? २०११ च्याच जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये सुमारे १.१ कोटी घरं रिकामी निघाली. राहायला नाही, पैसे गुंतवायला फ्लॅट घेणारे आपल्या ओळखीतच किती आहेत.

गोंदियाचा
मी मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात, कामाला आहे. त्रिमूर्तीनगर, बजाजनगर पायी फिरलो. पहिला प्रश्न आडनाव, दुसरा मटण खाता का, तिसरा लग्न झालं का. एका घरी तर वरचा मजला रिकामा दिसत असताना "खोली नाही" म्हणाले. शेवटी गावाबाहेरच्या स्कीममध्ये फ्लॅट भाड्यानं घेतला. तिथं कोणी काही विचारलं नाही. नव्या स्कीम नसत्या तर मी कुठं राहिलो असतो, काका?

प्रतापनगरकर
हे वाचून लाज वाटली, भाऊ. काकूंना भीती एकच, भाडेकरू निघालाच नाही तर? पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात सोय आहे. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवायचा. मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो आणि दुप्पट भाड्यानं नुकसानभरपाईही. बहुतेक म्हाताऱ्या मालकांना हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

बेसावाली
कायदा ठीक आहे, पण सगळ्यांनी जन्मभर भाड्यानंच राहायचं का? वाड्यात दहा बाय बाराच्या खोलीत मधे पडदा लावून आम्ही सहा वर्षं काढली. आता उन्हाळ्यात टँकर बोलावते, तरी दार माझं आहे. शेतं कापू नका म्हणण्यापेक्षा आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) आणि नळ आधी, रजिस्ट्री नंतर, अशी मागणी करा. मी सोबत येते.

प्रतापनगरकर
गडरलाइनच्या मागणीला मीही येतो, ताई. शेतांचं मात्र अजून पटत नाही.

गोंदियाचे भाऊ, आज संध्याकाळी काकूंशी बोलतो. आडनाव विचारायचं नाही, हे आधीच सांगतो त्यांना. वाळा मी बदलून देईन.