सांगली-मिरज रस्त्यावर दर दहा मिनिटांनी बस हवी. तुमचं मत काय?

विश्रामबागकर: सांगली, मिरज, कुपवाड मिळून १९९८ ला एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर गेली. तरी घरटी दोन गाड्या घेतल्याशिवाय आपलं भागत नाही, कारण बस कधी येईल याचा भरवसा नाही. वास्तविक आपल्याइतकं सोपं शहर नाही. सांगली ते मिरज दहाएक किलोमीटरचा सपाट रस्ता. कॉलेजं, विजयनगरचं कलेक्टर ऑफिस, मिरजेचे दवाखाने सगळं त्याच पट्ट्यात.

हिशोब करा. जाऊन-येऊन, थांबे धरून एका फेरीला ऐंशी मिनिटं लागली, तर दर दहा मिनिटांनी बस सोडायला आठ गाड्या पुरतात. बिघाडासाठी दोन जादा ठेवा. पहाटे पाच ते रात्री बारा, सुट्टीलाही. आणि पैशासाठी मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ इथं पार्किंगला दर लावा.

पेठेतला दुकानदार: बस चालवा, आमचं काही म्हणणं नाही. पार्किंगला पैसे मात्र अजिबात नकोत. जत, कवठेमहांकाळकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येतात. पाच-सात जण, त्यात म्हातारी माणसं, जाताना साड्यांचे गठ्ठे. ती बसनं येणार? इथं त्रास झाला की ती सरळ कोल्हापूर गाठतील. आधीच निम्मं गिऱ्हाईक मोबाईलवर खरेदी करतंय.

विश्रामबागकर: बस्त्याच्या गाडीला जागा मिळावी म्हणूनच तर म्हणतोय. आज तिची जागा कोण अडवतं? सकाळी दहाला दुकानासमोर लावलेली मालकाची आणि नोकरांची गाडी रात्री नऊला हलते. पहिले दोन तास फुकट ठेवा, पुढं दर चढता ठेवा. खरेदीला आलेल्याला झळ बसणार नाही.

रिक्षा, मिरज स्टेशन: वडाप म्हणून, म्हणजे सीटं भरून शेअर भाडं मारणारे म्हणून आम्हाला नावं ठेवता, पण रात्री गाडीतून उतरल्यावर आम्हीच दिसतो ना? बस येते, चार महिने चालते, मग फेऱ्या कमी होतात. तोवर आमची लाईन मोडलेली असते आणि रिक्षाचा हप्ता काही थांबत नाही. शिवाय बस मेन रोडला सोडणार. प्लॅस्टर घातलेल्या पेशंटला तिथनं दवाखान्यापर्यंत कोण नेणार?

कुपवाडची: तुम्ही सगळे सांगली-मिरजेचंच बोलताय. मी एमआयडीसीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर कुत्री आणि ट्रक सोडून काही नसतं. बायकांना न्यायला घरचं कुणीतरी गाडी घेऊन येतं, म्हणजे एका माणसाच्या कामाला दोन माणसं जागी. नवऱ्याला यायला जमत नाही म्हणून नोकरी सोडलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. आठातल्या दोन गाड्या शिफ्टच्या वेळेला कुपवाडला वळवा. दिवसा पंधरा मिनिटं थांबू की आम्ही.

विश्रामबागकर: पटलं. वळवायच्या कशाला, कुपवाडला वेगळ्या गाड्याच हव्यात. २०२३ ला केंद्रानं पीएम ई-बस सेवा आणली, दहा हजार इलेक्ट्रिक बसची, तीन लाखांवरच्या शहरांसाठी. त्यात आपण बसतो. गाड्या येतील तेव्हा येतील, वेळापत्रक आणि थांबे आत्ताच ठरवून घ्यायला हवेत. रिक्षावाल्या दादांना एवढंच म्हणेन: थांब्यापासून गल्लीत, दवाखान्याच्या दारात न्यायचं काम बसला कधीच जमणार नाही. प्रत्येक मोठ्या थांब्यालगत शेअर रिक्षाला हक्काचा स्टँड आणि ठरलेलं भाडं द्या.

रिक्षा, मिरज स्टेशन: लांबचं भाडं बसला आणि दीड किलोमीटरचं आम्हाला? त्यात गॅसचे पैसे निघत नाहीत साहेब. स्टँड द्या, पण मेन रोडवरनं आम्हाला उठवू नका. एवढं कागदावर आलं तरच आम्ही बैठकीला येतो.

पेठेतला दुकानदार: दोन तास फुकट असेल तर पेठेत विषय काढतो. पण नोकरांच्या गाड्या लावायच्या कुठं, ती जागा आधी दाखवा. माझ्याकडची दोन पोरं बुधगावहून येतात, तुमची बस तिकडं जातच नाही.