शाळा उघडायच्या आधीचा शुक्रवार, सोसायटीचा ग्रुप

बी-१०२: मॅडम, सोमवारी शाळा उघडतेय आणि आमच्याकडे पाढे धुऊन निघालेत. सातापर्यंत ठीक, आठाला गाडी अडते. पहिल्याच दिवशी चाचणी घेताय का? तसं असेल तर दोन दिवस पकडून बसवते तिला.

ए-४०४: नका बसवू. चाचणी नाही.

सी-३०१: ऐका, ऐका. खुद्द शिक्षिका सांगतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवा सगळ्यांनी.

बी-१०२: पण विसरलेलं भरून कधी निघणार? जिथं तिथं वाचते, सुट्टीत मुलं मागे पडतात म्हणून.

ए-४०४: थोडी पडतात. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले होते. उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे गेलेली दिसली. आकडेमोड आणि स्पेलिंगचं नुकसान जास्त. वाचनाचं चित्र वेगळं होतं, मध्यमवर्गीय घरांतली मुलं त्यात उलट जरा पुढेच गेली होती. साहजिकच आहे. हाताशी गोष्टीचं पुस्तक असलं तर मूल वाचतं, पण भागाकार हौसेनं कोण करतं?

बी-५०३: मॅडम, एक जोडतो. त्या महिन्याच्या आकड्यावर फार भिस्त नको. पॉल व्हॉन हिपेल यांनी २०१९ मध्ये लिहिलं होतं की जुन्या चाचण्यांची गुण मोजण्याची पद्धतच सदोष होती. नव्या चाचण्या लावल्या की सुट्टीत गरीब आणि सधन घरांतल्या मुलांमध्ये वाढते म्हणतात ती गाजलेली दरी तशी दिसत नाही.

ए-४०४: मान्य. आकडा बाजूलाच ठेवू. मला या सुट्टीत तीच गोष्ट दुसऱ्या टोकानं बघायला मिळाली, कारण मी स्वतःच शिकायला जात होते. पोहायला.

बी-१०२: हो, टॉवेल घेऊन जाताना दिसायचात.

ए-४०४: मोठ्यांची बॅच भरलेली होती, म्हणून मला पोरांच्या बॅचमध्ये घातलं. कमरेएवढ्या पाण्यात मी, आणि भोवती सगळे माझ्या कोपराला लागणारे. वर्गातली सर्वांत ढ विद्यार्थिनी कोण, हे पहिल्या संध्याकाळीच ठरलं.

पाण्यात तोंड घातलं की मी श्वास कोंडून धरायची. काही क्षणांत छातीत अशी घाई व्हायची की धडपडत उभीच राहायची. वाटायचं, हवा संपली. हवा संपलेली नसते. ऑक्सिजन तोवर पुरेसा असतो, पण साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड ती घाई लावतो. तोंडानं बुडबुडे काढत श्वास हळूहळू सोडत राहिलं की ती कमी होते. हे फळ्यावर लिहिणं वेगळं आणि नाकात पाणी जाताना सुचणं वेगळं.

शिकवणारे सर काठावरून शिट्टी मारून ओरडायचे, "बॉडी सैल सोडा!" आता ओरडून कोण सैल पडलंय?

ए-१०१: हाहा. बाई, हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत लावा.

ए-४०४: सर, पुढचं ऐका. माझ्या शेजारी भिंतीचा दांडा धरून पाय मारणारा सी विंगचा हीरो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "टीचर, तुम्ही समोर बघताय. खालची फरशी बघा. मान वर केली की पाय बुडतात." मी फरशी बघितली. निळ्या फरशीतल्या फटी मोजत गेले आणि पाय खरोखर वर आले.

यात जादू काही नाही. फुप्फुसांत हवा, म्हणून छाती तरंगते. पाय त्या मानाने जड. तराजूचं एक पारडं उचललं की दुसरं खाली जातं, तसं डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली. सरही तेच सांगत होते, पण त्यांना पोहता येऊन जमाना झाला. या पोराला नुकतंच जमलं होतं, त्यामुळे नेमकं कुठं अडतं ते त्याला ताजं आठवत होतं.

सी-३०१: घरी रोज रिपोर्ट यायचा. "आज टीचर भिंत सोडून चार हात पुढे आल्या." स्वतःच्या अपूर्णांकांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

ए-४०४: अपूर्णांकांना फळ्यापाशी उभं राहिल्यावर त्याचं जे होतं, तेच माझं त्या दांड्यापाशी होत होतं. सगळे बघतायत आणि हात सुटत नाही. म्हणून बी-१०२ ना म्हटलं, पहिल्या दिवशी मार्कांची चाचणी नाही.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफसफाई. पाणी भरून ठेवावे. ग्रुपवर इतर चर्चा टाळावी.

ए-१०१: इथं पोहण्याची चर्चा रंगलीय आणि तुम्ही पाणीच तोडताय.

ए-१०१: बाई, तुमचं सगळं पटलं, पण मी जुन्या वळणाचा मास्तर. चाचणी घेतली नाही तर कोण कुठं अडलंय हे कळणार कसं?

ए-४०४: पाच प्रश्न देणार आहे सर. पुस्तक बंद, ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहायचं.

ए-१०१: म्हणजे चाचणीच झाली की! नाव बदललंत फक्त.

ए-४०४: नाव नाही, मार्क काढले. वह्या माझ्याकडे येणारच नाहीत. शेजाऱ्याबरोबर ताडून बघायचं आणि ज्याला आठवलं त्यानं दुसऱ्याला सांगायचं. अडलेलं मला फिरताना दिसतंच. डोक्यातून काही ओढून बाहेर काढलं की ते जास्त पक्कं होतं, नुसती उजळणी वाचून तेवढं होत नाही.

बी-५०३: आणि विसरलेलं सगळं पुसलं जात नाही, हे एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलं होतं ना? निरर्थक अक्षरं पाठ करायची, विसरू द्यायची, पुन्हा पाठ करायची. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो, आणि तो वाचलेला वेळ त्यानं मोजला होता. सगळे प्रयोग स्वतःवरच.

ए-४०४: हो. विसरणाचा उतरता आलेख सगळ्यांना माहीत असतो, वाचलेल्या वेळाची गोष्ट कुणी सांगत नाही. बी-१०२, तुमच्या लेकीचंच बघा. गच्चीवर तारे बघायला जमलो होतो तेव्हा ती होती. मी म्हटलं, सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. तिनं विचारलं, सगळे सेकंद किती? मी गप्प बसले. तिनं बोटं मिटली, "आठ सक अठ्ठेचाळीस, पुढे शून्य, अधिक वीस... पाचशे!" तुम्ही म्हणता तोच पाढा. कुणी विचारला नव्हता, म्हणून आला.

बी-१०२: काय सांगता! घरी विचारलं की छताकडे बघत बसते.

सी-३०१: गच्चीवर छतच नाही ना, म्हणून.

ए-१०१: त्या रात्री मीही होतो. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढला की स्वाती आणि आणखी पुढे चित्रा. एक नारिंगी, एक निळसर पांढरा. पोरांना रंगातला फरक माझ्या आधी दिसला. मी चष्मा पुसत बसलो होतो.

ए-४०४: स्वाती सुमारे ३७ प्रकाशवर्षं दूर. आता दिसतो तो प्रकाश निघाला तेव्हा मी स्वतः पाढे घोकत होते. हे सांगितलं तर एका पोरानं काय विचारावं? "तेव्हा तुम्हाला कोण ओरडायचं?"

सी-२०५: मॅडम, एक विचारू का? आमचा यंदा कुठंच गेला नाही. पोहणं नाही, गाव नाही, शिबिर नाही. मी कामावर, तो घरात. शाळेत गेल्या गेल्या "मी सुट्टीत काय केले" हा निबंध येतो. मागच्या वर्षी त्यानं सगळा खोटा लिहिला, समुद्र वगैरे. वाचून मला कसंसंच झालं.

ए-४०४: ताई, तो निबंध या वर्षी माझ्या वर्गात नाही. त्या विषयाला नेहमी त्याच चार-पाच जणांचे हात वर होतात, बाकीचे ऐकतात किंवा समुद्र रचतात. मी विचारणार आहे, सुट्टीत कोणाकडून काय शिकलात आणि शिकताना कुठं अडलात. यात आजीकडून सुई ओवायला शिकलेलाही बसतो आणि घरात एकटा राहून कुलपाशी झगडलेलाही. सुरुवात मी माझ्यापासून करणार, श्वास कोंडण्यापासून.

सी-२०५: कुलपाचं कसं कळलं तुम्हाला? आमचं कुलूप खरंच अडतं. किल्ली उचलून मग फिरवायची असते, हे त्यानंच शोधून काढलं. मला अजून जमत नाही.

ए-४०४: मी आपलं अंदाजानं लिहिलं हो! पण झालं तर मग, त्याचा विषय तयार आहे. मात्र त्याला आधी सांगू नका, घरून पाठ करून आणेल.

बी-१०२: बरं, मी पाढ्यांची वही मिटली. पण मॅडम, अडली तर शाळेत रडेल हो ती.

ए-४०४: रडली तर रडू दे, शेजारी कुणीतरी असेल. तिला सी विंगच्या हीरोजवळ बसवते. त्याला पाढे येतात, हिला अपूर्णांक.

सी-३०१: अरे वा, माझ्या पोराची शिकवणी फुकटात लागली. बाय द वे, तो विचारतोय, रविवारी बॅचचा शेवटचा दिवस, टीचर खोल बाजूला येणार का?

ए-४०४: काठाकाठानं येईन. आणि शिट्टी सरांच्या हातातून काढून ठेवा म्हणावं.

ए-१०१: आकाश स्वच्छ असेल तर उद्या रात्री परत गच्चीवर जमूया का? शाळा लागली की पोरं नऊला झोपणार. ताई, तुमच्या मुलालाही पाठवा, मी आहे वर.

सी-२०५: पाठवते सर.

बी-५०३: मी दुर्बीण आणतो. गच्चीची चावी कुणाकडे असते?

सेक्रेटरी: माझ्याकडे. साडेनऊला परत पाहिजे. आणि वरच्या मजल्यावर बाळ आहे, पोरांना चपला हातात घेऊन जिना चढायला सांगा.