आहारोपचारात करिअर: पदवी आवश्यक आहे का?

प्रश्न: मी लेखा विभागात नोकरी करते आणि पुढे आहारोपचार हा व्यवसाय स्वीकारावा, असा विचार आहे. काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर रुग्णांना सल्ला देता येतो, की पदवीच घ्यावी लागते?

प्रतिसाद १: निरोगी माणसाला सर्वसाधारण मार्गदर्शन करणे वेगळे आणि आजारात आहार ठरवणे वेगळे. मूत्रपिंडाच्या विकारात रक्तातील पोटॅशियम वाढलेले असताना, एरवी पौष्टिक म्हणून सुचवली जाणारी काही फळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध घेणाऱ्याने हिरव्या पालेभाज्या एकाएकी वाढवल्या, तर त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. जीवरसायनशास्त्र आणि रुग्णालयातील देखरेखीखालचे प्रशिक्षण यांना, माझ्या मते, पर्याय नाही.

प्रतिसाद २: सहमत. 'डाएटिशियन' ही उपाधी अनेक देशांत कायद्याने संरक्षित आहे, 'न्यूट्रिशनिस्ट' मात्र बऱ्याच ठिकाणी कोणीही लावू शकतो; म्हणून शुल्क भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमावर व्यावसायिक नोंदणी मिळते का, हे पाहावे. (जाहिरातीतल्या 'आंतरराष्ट्रीय' शब्दाला भुलू नये.)

प्रश्नकर्ती: आभारी आहे. नोकरी सांभाळून हे जमेल का?

प्रतिसाद २: लेखी विषय जमतात, रुग्णालयातील प्रशिक्षण बहुधा दिवसभराचे असते, तेव्हा त्या काळापुरती रजेची किंवा खर्चाची तजवीज आधीच करावी.