मदत हवी आहे: दक्षिण फ्रान्स फक्त ट्रेनने (सोबत बाबा, वय ७३)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये दक्षिण फ्रान्सला जायचं घाटतंय. आम्ही दोघं आणि माझे बाबा. बाबा रेल्वेच्या पुलांच्या विभागातून रिटायर झालेत, त्यामुळे गाडी भाड्याने घेऊया म्हटलं की "ट्रेन असताना मोटार कशाला" हे उत्तर ठरलेलं, आणि खरं सांगायचं तर रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची हौस नवऱ्यालाही नाहीये. टूर कंपनी नको. सकाळी सातला बसमध्ये कोंबतात, चाळीस मिनिटांत राजवाडा उरकायचा आणि रात्री परत तेच पनीर, हे एकदा करून झालंय. पॅरिस आधी बघितलंय त्यामुळे तिथे फक्त विमानातून उतरायचं आणि पुढे सटकायचं.

बाबांची यादी छोटी आहे. एक, पों दु गार. रोमन लोकांनी नीम गावाला पाणी आणायला पन्नासेक किलोमीटरचा कालवा बांधला त्यातला नदीवरचा पूल, तीन मजली, ४९ मीटर उंच. पण बाबांना उंचीचं काही नाही, त्यांचं चाललंय ते उताराचं: एवढ्या सगळ्या अंतरात पाणी उतरतं फक्त बारा-तेरा मीटर, म्हणजे १ इन ४०००, "आपल्या बोरघाटात १ इन ३७ आहे, विचार कर" असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवून झालंय, कुरियरवाल्यालासुद्धा. दोन, मार्सेलिस (फ्रेंच उच्चार मार्सेय). ते का हे मराठी माणसाला सांगायला नको. बाकी सगळं "तुम्ही ठरवाल ते".

आम्ही नकाशा बघून ठरवलेलं असं: पॅरिसहून टीजीव्हीने (फ्रान्सची हायस्पीड ट्रेन) आविन्यों, तिथे पोपचा राजवाडा आणि तो अर्धवट राहिलेला पूल. मग एक रात्र आर्ल, एक रात्र नीम, एक रात्र माँपेलिए, दोन रात्री कारकासोन, शेवटी तुलूझ आणि तिथून आल्बी. मार्सेय कुठे बसवायचं ते कळत नाहीये. एकूण साधारण बारा रात्री आहेत हाताशी.

आता प्रश्न:

युरेल पास (युरोपभर चालणारा रेल्वे पास) घ्यावा का सुटी तिकिटं? आणि काढायची किती आधी? व्हिसा हातात नसताना नॉन-रिफंडेबल काढायची भीती वाटते.

नीमला दोन स्टेशनं दिसतायत, त्यातल्या एकाच्या नावातच पों दु गार आहे, मग तिथेच उतरलं तर पूल चालत गाठता येईल ना?

बाबांचे गुडघे ठीक आहेत पण जिने फार नकोत, आणि रोज बॅगा भरणं तर मलाच नको. वरचा प्लॅन जास्त होतोय का?

बाबा शाकाहारी, अंडं चालतं. थेपले, मेतकूट सोबत असेलच पण रोज तेच कसं खाणार.

कारकासोनला किल्ल्याच्या आत राहावं का खाली गावात?

जाणकारांनी प्लीज लिहा. आगाऊ धन्यवाद.

*

लालडबा:

आधी स्टेशनचं सांगतो कारण तिथे भलेभले फसतात. नीम-पों-दु-गार हे स्टेशन २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, नवीन हायस्पीड लाईनवर, नीमच्या बाहेर शेतात आहे आणि पुलापासून चालत जायच्या अंतरावर अजिबात नाही, नाव दिलंय एवढंच. पुलाला जायचं तर नीमच्या गावातल्या स्टेशनवर उतरायचं, त्याच्या मागेच बसस्टँड आहे तिथून लिओच्या (तिथल्या प्रांताची बससेवा) बस मिळतात. रविवारी बस कमी असतात, तो दिवस टाळा. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा.

हाच घोळ माँपेलिएला. सें-रॉश गावात, सुद दे फ्रांस गावाबाहेर. आविन्योंलाही टीजीव्हीचं स्टेशन बाहेर आहे पण तिथून गावातल्या स्टेशनला शटल ट्रेन आहे, पाच मिनिटं लागतात, त्याचं टेन्शन नाही. थोडक्यात तिकीट काढताना गावाचं नाव नाही तर स्टेशनचं नाव वाचायचं.

पास नको. तुमचे बहुतेक प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचे आहेत, आविन्यों ते आर्ल वीस मिनिटं, आर्ल ते नीम अर्धा तास, हे सगळं टीईआर म्हणजे लोकल-पॅसेंजर म्हणा, रिझर्वेशन नाही, त्याच दिवशी मशीनवर काढलं तरी चालतं. पास असला तरी टीजीव्हीला रिझर्वेशनचे पैसे वेगळे द्यावेच लागतात, मग उपयोग काय. टीजीव्हीचं मात्र लवकर काढा, बुकिंग उघडलं की स्वस्तात मिळतं आणि जसजसे दिवस जवळ येतात तसं विमानासारखं वर चढत जातं. ऊईगो (रेल्वेचीच स्वस्तातली सेवा) दिसेल त्याहून स्वस्त, पण साध्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि सामानाचे नियम कडक, म्हणून व्हिसा यायच्या आधी ते नको. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, उगाच शेवटपर्यंत थांबू नका.

आणि बाबांना सांगा, प्लॅटफॉर्म नंबर वीसेक मिनिटं आधीच कळतो, तोपर्यंत सगळे बोर्डाकडे माना वर करून उभे. नंबर लागला की पळापळ. टीजीव्हीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, धावत पकडायचा प्रकार नाही तिकडे.

*

कोथिंबीरवडी:

प्लॅन जास्त होतोय, हो. एक रात्र आर्ल, एक रात्र नीम, एक रात्र माँपेलिए म्हणजे बॅगांचीच सहल. माँपेलिए सरळ काढून टाका, छान गाव आहे पण तुमच्या यादीत त्याचं काही काम नाही. नीमलाच तळ ठोका. स्टेशनचे प्लॅटफॉर्म वरच्या मजल्यावर आहेत पण लिफ्ट आहे, बाहेर आलं की समोर सरळ झाडांचा रस्ता, मध्ये दगडी पाटातून पाणी वाहतंय, आणि दहा मिनिटांत रोमन आखाड्यापाशी. मेझाँ कारे नावाचं अख्खंच्या अख्खं रोमन देऊळ तिथून जवळ, ते २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथून आविन्यों, आर्ल, पों दु गार सगळं जाऊन येऊन होतं.

तारखा बघून घ्या हं. सप्टेंबरच्या मध्यावर नीमला फेरिया असते, बैलांच्या झुंजी आणि रात्रभर धिंगाणा, हॉटेलं तिप्पट महाग. ती टाळून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा, ऊनही उतरलेलं असतं.

आविन्योंचा राजवाडा प्रचंड आहे, १३०९ नंतर सत्तरएक वर्षं पोप रोमला नव्हते, इकडेच होते, पण आत जिने भरपूर आणि खोल्या बऱ्याचशा रिकाम्या. बाबांना आत नेण्यापेक्षा बाहेरच्या चौकात बसवून कॉफी पाजा आणि मग पूल दाखवा, बावीस कमानींपैकी चार उरल्यात, पुलांच्या माणसाला त्यातच जास्त रस असेल. आर्लला शनिवारी सकाळी जा, बाजार भरतो. व्हॅन गॉग १८८८ मध्ये तिथे येऊन राहिला होता पण त्याची चित्रं बघायला म्हणून जाऊ नका, ती जगभर गेली, गावात जागा आहेत फक्त.

जेवण: दुपारी बारा ते दोन, त्यानंतर स्वैपाकघर बंद. अडीचला भूक लागली तर बेकरीच. सूप मागताना स्टॉक कशाचा ते विचारा. कासुले नावाचा राजम्यासारखा प्रकार कारकासोन-तुलूझकडे सगळीकडे दिसेल, फसू नका, त्यात बदक आणि सॉसेज असतात. गरम गोट चीजचं सॅलड, ऑम्लेट, रातातुई (वांगी-टोमॅटोची मिक्स भाजी) यावर निभतं. मार्सेयला पानिस नक्की खा, चण्याचं पीठ शिजवून थापून काप तळलेले, म्हणजे आपली पाटवडीच, फक्त फोडणी विसरलेली.

*

सुशेगात_५६:

मार्सेलिसबद्दल. पॅरिसहून थेट टीजीव्ही आहे, सव्वातीन तास धरा, म्हणून ते सुरुवातीलाच घ्या आणि मग आर्लवरून नीमला सरका, उलटसुलट फेरा पडत नाही. सें-शार्ल स्टेशनच्या पुढ्यात भलामोठा जिना आहे, फोटोला झकास, पण बॅगा घेऊन मेट्रोनेच खाली जा.

सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी मारली ८ जुलै १९१० ला. लोक जुन्या बंदरावर जाऊन इथेच असेल म्हणून हात जोडतात, पण तेव्हा मोठ्या आगबोटी ला जोलिएतच्या गोदीत लागायच्या, जुन्या बंदरात नाही. म्युसेम म्हणून म्युझियम आहे त्याच्या गच्चीवर फुकट जाता येतं, तिथून गोदीकडचा भाग आणि समुद्र बराच दिसतो. धक्क्यापर्यंत पोहून गेले, फ्रेंच शिपायाने धरून परत दिलं आणि मग १९११ मध्ये हेगला निकाल विरुद्ध गेला, हे सगळं बाबांना तोंडपाठ असणारच, त्यांना तिथे बोलू द्या. वेळ असेल तर शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे, फार कमी लोक जातात.

कारकासोनला माझं मत किल्ल्याच्या आत नको. दगडी चढ, बॅगेची चाकं खडखडतात, हॉटेलं महाग. खाली जुन्या पुलाजवळ राहा, रात्री दिवे लागल्यावर किल्ला तिथूनच खरा दिसतो. तटाच्या आतल्या गावात शिरायला पैसे नाहीत, राजवाडा आणि तटबंदीवर चालायचं तर तिकीट. ते टोकदार छप्परवाले बुरूज अस्सल मध्ययुगीन समजू नका, १८५३ पासून व्हियोले-ल-दुक या आर्किटेक्टने दुरुस्ती केली त्यातलं ते आहे आणि त्यावरून लोक अजून भांडतात.

*

धागाकर्ती:

किती छान माहिती, बाबांना वाचून दाखवली. व्हियोले-ल-दुकवर ते लगेच म्हणाले "छप्पर नसतं तर भिंती पावसाने गेल्या असत्या", म्हणजे तो वाद आता आमच्या घरीही सुरू.

तर आता: मार्सेय दोन रात्री, नीम पाच, कारकासोन एक, तुलूझ तीन, त्यातला एक दिवस आल्बीच्या विटांच्या कॅथेड्रलसाठी. एखादी रात्र हातची. उरलेले प्रश्न दोनच, नीम ते कारकासोन ट्रेनमध्ये कुठल्या बाजूला बसायचं, आणि तुलूझहून पॅरिसला परत यायचं तर त्याच दिवशी रात्रीचं विमान पकडावं का?

*

लालडबा:

त्या मार्गावर बोर्दो-मार्सेयवाली इंतरसिते (लांब पल्ल्याची गाडी) मिळाली तर तिला रिझर्वेशन सक्तीचं आहे, टीईआर समजून तशीच चढू नका. सेत सुटल्यावर आग्दपर्यंत लाईन वाळूच्या पट्टीवरून जाते, डावीकडे समुद्र, उजवीकडे कालव-शिंपल्यांची शेती असलेलं सरोवर, त्यामुळे कुठेही बसा. बाबांना तेवढा वेळ झोपू देऊ नका फक्त.

तुलूझ-पॅरिस टीजीव्ही साडेचार तासांच्या आतबाहेर, बोर्दोवरून जाते आणि उतरवते पॅरिसच्या माँपारनास स्टेशनला, गार द लिऑं स्टेशनला नाही. तिथून एअरपोर्ट म्हणजे अख्खं पॅरिस ओलांडायचं. शिवाय संपाची घोषणा कधी होईल सांगता येत नाही. ती हातची रात्र पॅरिसला ठेवा, किंवा सरळ तुलूझहूनच विमान बघा, एका तिकिटावर असेल तर चुकलेल्या कनेक्शनची जबाबदारी विमानवाल्यांची.