कारामाझोव बंधू: अपराधीपणा आणि डूख, चर्चेसाठी कोणती प्रकरणं?

नौपाडा_वाचनकट्टा: आमच्या गटात दस्तयेवस्कीच्या 'कारामाझोव बंधू'वर दीड तासाची चर्चा आहे. विषय वर दिलाय. सगळ्यांचे बाराही खंड वाचून होणार नाहीत. नेमकं काय वाचायला सांगू?

कोपरीकर: खंड २, प्रकरण ८ आधी घ्या. एका माणसाचा एवढा द्वेष का, यावर फ्योदोरनं (कारामाझोव भावांच्या बापानं) पूर्वी दिलेलं उत्तर त्याला तिथे आठवतं: त्यानं माझं काहीच वाकडं केलं नाही, मीच त्याच्याशी नीचपणा केला आणि त्या क्षणापासून त्याच्यावर डूख धरला. पुढचं सगळं यातूनच फुटतं.

मग कात्या: ३.४, ३.५, १२.४, १२.५ (आधी खंड, मग प्रकरण). वडिलांच्या सरकारी हिशेबातली ४,५०० रूबलची तूट भरायला ती थोरल्या भावाकडे, द्मित्रीकडे जाते. तो पैसे देतो, अंगाला हात लावत नाही. ती जमिनीला कपाळ टेकून निघून जाते. पुढे पैसे परत होतात, लग्नही ठरतं, पण तो नमस्कार काही फिटत नाही. बापाच्या खुनाचा खटला द्मित्रीवर चालतो, तेव्हा कोर्टात त्याला वाचवायला ती हीच गोष्ट सांगते. थोड्याच वेळात मधला भाऊ इवान गुन्हा स्वतःवर घेतो, तेव्हा इवानला सोडवायला ती बापाला मारण्याची भाषा असलेलं द्मित्रीचं घातकी पत्र बाहेर काढते. गट इथे हमखास 'मत्सर' म्हणून मोकळा होतो. तिला थांबून ऐका: मी वाकले तेव्हापासून यानं मला तुच्छ लेखलं, हे तिचं खरं दुखणं.

येऊर_पायथा: ४.७ मोठ्यानं वाचा. द्मित्रीनं अपमान केलेला गरीब कप्तान स्नेगिर्योव मदतीचे २०० रूबल हातात घेऊन हरखतो, मग त्याच नोटा पायाखाली तुडवतो. कारण धाकटा भाऊ अल्योशा ५.१ मध्ये सांगतो: परक्यासमोर आपला आनंद लपवता आला नाही, याची लाज.

नौपाडा_वाचनकट्टा: आणि इवान?

कोपरीकर: ११.६ ते ११.८ सलग वाचा, तुटक नको. फ्योदोरचा नोकर स्मेर्द्याकोव खुनाच्या वेळी चोरलेले ३,००० रूबल टेबलावर ठेवतो आणि खरे खुनी तुम्हीच, असं इवानलाच सुनावतो. इवान कबुली उद्यावर ढकलतो. त्याच रात्री स्मेर्द्याकोव गळफास घेतो आणि साक्षीदारच उरत नाही. ५.५ मात्र टाळा. इवाननं सांगितलेली 'ग्रँड इन्क्विझिटर'ची गोष्ट निघाली की दीड तास तिथेच संपतो.

येऊर_पायथा: अनुवाद वेगवेगळे असतील, म्हणून पानं न देता खंड आणि प्रकरण कळवा. प्रतींसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. शेवटची दहा मिनिटं उपसंहाराच्या प्रकरण २ ला द्या: कात्या माफी मागते, द्मित्रीची प्रेयसी ग्रुशेंका देत नाही, आणि त्याबद्दलच ती कात्याला आवडते. समेट झाला असं कुणी म्हणालं तर हा उतारा पुढे करा.