१०^६ आणि १०^९ मुलांना सारखेच वाटतात, काय करावं?

प्रश्न: घातांकाचे नियम मुलांना येतात, गणितं सुटतात. पण १०^६ आणि १०^९ यांत फरक किती, तर उत्तर येतं 'तीनचा'. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं असो की ॲव्होगॅड्रो अंक (एक मोल पदार्थातल्या कणांची संख्या) ६.०२२ × १०^२३, सगळं नुसतं 'खूप मोठं'. एक-दोन तासिकांत काय करून घेता येईल?

उत्तर १: फळ्यावर एक मीटरची रेघ मारा. एका टोकाला ०, दुसऱ्याला १०^९. १०^६ कुठे येईल तिथे प्रत्येकाला खूण करू द्या. बरेच जण रेघेच्या आत चांगलेच पुढे जातात. खरी जागा शून्यापासून १ मिमीवर, म्हणजे खडूच्या जाडीतच. सगळ्यांच्या खुणा होईपर्यंत उत्तर फोडू नका, स्वतःचा अंदाज फसल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. मग तेच आकडे सेकंदांत घ्या. ८६,४०० ने भागायचं काम मुलांचं: १०^६ सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, १०^९ म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं.

लॉग प्रमाणाची रेघ (समान अंतराला संख्या समान पटीने वाढते अशी) त्या दिवशी नकोच. तिच्यावर १०^३, १०^६, १०^९ समान अंतरावर बसतात आणि 'तीनचा फरक' आणखी पक्का होतो.

उत्तर २: पृथ्वीच्या वयासाठी कागदी पट्टी, १ मिमी = १ लाख वर्षं. लांबी ४५.४ मीटर, तेव्हा व्हरांडा किंवा मैदान हवं. आजच्या टोकापासून मोजा: डायनासोर नामशेष झाले ६६ सेंमीवर, आपली मानवजात शेवटच्या ३ मिमीत. प्रमाण आयतं देऊ नका. कोणी १ मिमी = १ हजार वर्षं धरलं की पट्टी साडेचार किलोमीटरची होते, आणि खरं शिकणं तिथेच होतं.

उत्तर ३: ॲव्होगॅड्रो अंकापुढे पट्टी टिकत नाही. मोजपात्रात १८ मिलि पाणी घ्या. वजन १८ ग्रॅम, म्हणजे एक मोल, ॲव्होगॅड्रो अंकाइतके रेणू. सेकंदाला एक कोटी (१०^७) रेणू मोजले तर किती वेळ लागेल? २३ मधून ७ गेले, ६.०२२ × १०^१६ सेकंद उरले. वर्षाचे सेकंद ३.१५६ × १०^७, म्हणून सुमारे १९० कोटी वर्षं. उत्तर २ मधल्या पट्टीवर हे १९ मीटर.

पडताळताना कॅल्क्युलेटरवर लक्ष ठेवा. '६.०२२ × १० ईएक्सपी (EXP बटण) २३' असं दाबलं की उत्तर दहापट येतं, कारण त्या बटणात '× १०' आधीच आहे.