विशिष्ट सेवा मेडल म्हणजे शौर्यपदक का? आजोबांच्या नावापुढं काय लिहायचं, अर्जंट आहे

साखरपेठकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या. आमचे आजोबा फौजेत होते, सिग्नल्समध्ये म्हणजे टेलिफोन-वायरलेस सांभाळणाऱ्या दलात, सुभेदार म्हणून रिटायर होऊन सोलापूरला आले, त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. परवा संक्रांतीच्या साफसफाईला आजीनं माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली, त्यात त्यांचा हिरवा स्वेटर, डिस्चार्ज बुक आणि एका रुमालात गाठ मारून ठेवलेली मेडल्स निघाली. त्यांनी ती घातलेली मी तरी कधी बघितली नाहीत. सगळ्यांत एक वेगळंच आहे, गोल, काळपट तांबूस, एका बाजूला पाच टोकांची चांदणी, मागं सिंहाची राजमुद्रा आणि हिंदीत "विशिष्ट सेवा मेडल". रिबन पिवळी, त्यावर तीन गडद निळ्या पट्ट्या.

आता प्रॉब्लेम असा की २६ जानेवारीला आमच्या गल्लीतलं मंडळ झेंडावंदनाला जुन्या फौजींचे फोटो लावणार आहे, आणि आजोबांच्या फोटोखाली "शौर्यपदक विजेते" असं लिहायचं ठरलंय. वडील म्हणतात लिहू द्या, चांगलंच आहे की. पण आजी ऐकायला तयार नाही. ती म्हणते, "त्यांनी मला सांगून ठेवलंय, हे गोळी चालवून आणलेलं नाही, कुणी विचारलं तर तसं सांगू नको." फ्लेक्स चार दिवसांनी छापायला जायचाय. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा ओ.

होटगीरोड_माजीसैनिक
आजी बरोबर बोलायलेत. मी बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस आहे, हवालदार म्हणून बाहेर पडलो, म्हणून सांगतो.

परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची. अशोक, कीर्ती, शौर्य चक्र ही शत्रूसमोर नसतानाच्या शौर्याची. विशिष्ट सेवा मेडल या दोन्हीत बसत नाही, ते सेवेचं आहे, म्हणजे माणसानं आपलं काम वर्षानुवर्षं किंवा एखाद्या अवघड जबाबदारीत इतकं चोख केलं की सरकारनं त्याची दखल घेतली. २६ जानेवारी १९६० ला सुरू झालं, तेव्हा नाव एकच होतं आणि पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. १९६७ मध्ये नावं बदलून परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा मेडल अशी झाली. रिबन तिन्हीची पिवळी सोनेरी, परमवर निळी पट्टी एक, अतिवर दोन, विशिष्टवर तीन. परम सोन्याचा मुलामा दिलेलं, अति चांदीचं, विशिष्ट ब्राँझचं. म्हणजे तुमच्या हातात आहे ते तेच, शंकाच नाही.

बाकीची कुठली आहेत त्या रुमालात? १९६५ चं रक्षा मेडल, ७१ चं संग्राम मेडल, पश्चिमी स्टार, सैन्य सेवा मेडल असली असतील तर ती त्या त्या काळात नोकरीत किंवा त्या भागात असलेल्या सगळ्यांना मिळालीत. हे तसं नाही, हे नाव घेऊन एकेकाला मिळतं. परम आणि अति ही वरची दोन आम्ही बहुतेक जनरल साहेबांच्याच छातीवर बघितली. तुमचे आजोबा जेसीओ होते, म्हणजे जवान आणि अफसर यांच्या मधल्या रँकचे, जेसीओला विशिष्ट सेवा मेडल म्हणजे मोठी गोष्ट आहे, त्यांच्या युनिटमध्ये त्या दिवशी बडाखाना, म्हणजे सगळ्यांची एकत्र मेजवानी, झाली असणार बघा. नेमकं कशासाठी मिळालं ते घरात कुणाला माहितीय का?

साखरपेठकर
हो दादा, रक्षा आणि संग्राम दोन्ही आहेत, पश्चिमी स्टारपण आहे. कशासाठी ते आजीलाच थोडं माहितीय. लडाखला होते तेव्हा, टेलिफोनच्या लाइनवर. बर्फानं लाइन तुटली की आजोबा दोन जवान पोरं घेऊन निघायचे, जोड सापडेपर्यंत परत यायचे नाहीत, दोन हिवाळे असंच चाललं. आजीला पत्रात फक्त "इथं थंडी आहे, लाइन चालू आहे" एवढंच लिहायचे. आमच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोरी नाही, फौजेतली काळी वायर आहे, आजोबांनीच बांधलेली. मी लहानपणी ती गाठ सोडायचा लई प्रयत्न केला, आजपर्यंत सुटली नाही. आजोबा दर सहा महिन्यांनी तिला हात लावून बघायचे, कुठं सैल झालीय का म्हणून.

सातरस्ता_संतोष
मग हे शौर्यच नाही का ओ? बर्फात दोन हिवाळे लाइन जोडणं म्हणजे शौर्य नाही तर काय. माझं मत विचाराल तर लिहू द्या शौर्यपदक, गल्लीतल्या पोरांना विशिष्ट सेवा म्हटलं तर काय कळणार, शौर्य म्हटलं की मान वर होते. मनापासून म्हणतोय, आजोबांचा मान वाढतोय तर वाढू द्या.

भागवतराव_जुनीमिल
संतोषभाऊ, तुमची भावना पटते, तरी माझा विरोध आहे. एक तर ज्यांना खरंच चक्र मिळालं त्यांच्या रांगेत न विचारता माणूस उभा केल्यासारखं होतं. आणि दुसरं म्हणजे शौर्य लिहिल्यावरच मान वाढतो असं म्हणताना आपण सेवेला कमी लेखतो. सरकार तसं मानत नाही. पदकांचा जो क्रम ठरलेला आहे त्यात परम विशिष्ट सेवा मेडल महावीर चक्राच्याही आधी येतं. मेडल कुठल्याही रँकला मिळू शकतं, नर्सिंग सर्व्हिसमधल्या सिस्टरनासुद्धा. हवाई दलाच्या डॉक्टर पद्मा बंडोपाध्याय, ज्या पुढं पहिल्या महिला एअर मार्शल झाल्या, त्यांना ७१ च्या लढाईतल्या कामासाठी विशिष्ट सेवा मेडलच मिळालं. युद्धातल्या अशा सेवेसाठी युद्ध सेवा मेडल वेगळं काढलं ते १९८० मध्ये, त्याआधी युद्धातलं असं कामही याच मेडलमध्ये धरलं जायचं.

लाइन बंद पडली तर पुढच्या चौकीवरचा माणूस रसद मागू शकत नाही, डॉक्टर मागू शकत नाही. तुमच्या आजोबांनी ती चालू ठेवली. हेच दोन ओळीत फोटोखाली लिहा की, पोरांना शौर्य शब्दापेक्षा जास्त कळेल.

होटगीरोड_माजीसैनिक
भागवतरावांशी शंभर टक्के सहमत. आणि नावानंतर "वि.से.मे." किंवा व्हीएसएम लिहिता येतं, तो अधिकृत मान आहे, घटनेच्या कलम १८ मध्ये सरकारनं किताब द्यायला बंदी आहे पण लष्करी आणि विद्येचे मान त्यातून वगळलेत. पण लिहायचं नावाच्या नंतर, आधी नाही.

आणखी दोन कामाच्या गोष्टी. डिस्चार्ज बुकात पदकांची नोंद असते, ते पान आधी बघा, साल मिळेल, साल मिळालं की भारताच्या राजपत्रात नाव शोधता येतं. नाहीच सापडलं तर सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला आहे, आर्मी नंबर घालून आजींच्या सहीनं पत्र टाका. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण जाऊन या, आजींच्या नावावर पदकाची नोंद आहे का विचारा, पुष्कळ घरांत ती राहूनच गेलेली असते.

आणि मेडल घासू नका! चिंच नको, ब्रासो पॉलिश नको. ब्राँझचा तो काळपटपणा असू द्या. रिबन विरली असेल तर जुनी जपून ठेवा, नवी मिळते.

साखरपेठकर
दादा, तुमचा मेसेज वाचला तेव्हा आजी चिंच भिजत घालूनच बसली होती, वाटी बाजूला ठेवायला लावली.

डिस्चार्ज बुकात सापडलं, १९७४. पान वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, "त्या वर्षी सुट्टीला आले तेव्हा सांगितलंच नव्हतं, मला शेजारच्या फौजीच्या बायकोकडनं कळलं." वडिलांनीच मंडळाच्या पोरांना फोन केला, आधी ते जरा नाराज झाले, मग लाइनचं सगळं सांगितल्यावर म्हणाले वायरचापण फोटो द्या, फ्लेक्सवर टाकू. फोटोखाली आता असं जाणार: आजोबांचं नाव, वि.से.मे., सुभेदार, सिग्नल्स. लडाखमध्ये दोन हिवाळे टेलिफोनची लाइन चालू ठेवल्याबद्दल विशिष्ट सेवा मेडल, १९७४.

आजीला प्रूफ दाखवलं. दोनदा वाचलं आणि म्हणाली, "लाइन चालू ठेवली हे बरोबर लिहिलंय, छाप."

जबलपूरचं पत्र सोमवारी टाकतोय. रिबन सोलापुरात कुठं मिळेल का ओ, का पुण्यालाच जावं लागेल?